रोज काढल्याने हात जमतात का?

कोल्हापुरात चित्रकलेचे वर्ग घेऊ लागल्यापासून हा प्रश्न मला पालक विचारतात, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेली मुले विचारतात आणि निवृत्तीनंतर हौसेने पेन्सिल हाती घेतलेली मंडळीही विचारतात : रोज सराव केला, तर माणसाचे हात जमायला किती महिने लागतील? विचारणाऱ्याला आकडा हवा असतो, आणि तो मी देत नाही असे दिसले की ‘तुमच्या हातात ते उपजतच आहे’ असे म्हणून विषय मिटवला जातो. याचा मला मनापासून त्रास होतो. माझ्या हातात उपजत काहीही नव्हते. स्मरणचित्राच्या पेपरात माझी माणसे हात पाठीमागे बांधून उभी राहत, बायका पदराखाली हात घेऊन बसत, आणि उरलेल्यांच्या पंजांवर मी भाजीच्या पिशव्या आणून ठेवत असे. तुमची मुले आज तेच करतात, म्हणून मी त्यांच्यावर रागावत नाही.

सराव लागतो, यात वाद नाही. पंजात २७ हाडे असतात : मनगटात ८, तळव्यात ५ आणि बोटांत १४. ही संख्या पाठ करून कोणाला हात आला नाही. पण बोटे वाकवणारे स्नायू बोटांत नसून तळव्यात आणि कोपराखालच्या भागात असतात, हे एकदा कळले की पंजा मनगटापाशी तोडून वेगळा काढण्याची सवय सुटते. बोट पंजाच्या पाठीकडून पाहिले तर मुळाच्या सांध्यापासून सुरू होते आणि तळव्याकडून पाहिले तर दोन बोटांमधल्या बेचक्यापासून; म्हणून तेच बोट एकीकडून लांब आणि दुसरीकडून आखूड दिसते. पूर्ण आकृतीचेही तसेच आहे. एसटी स्टँडवर एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला, तर तो भार पेलणाऱ्या पायाच्या घोट्याजवळ पडतो. त्या बाजूची कंबर वर चढलेली असते आणि खांदा उतरलेला असतो. माणूस पाय बदलतो, आणि सगळा तोल क्षणात उलटतो. हे पुस्तकात वाचून समजते, पण कागदावर उतरायला रोज काढावेच लागते. इथपर्यंत मी वर्षानुवर्षे ठामपणे सांगत आले.

मग एका ओळखीच्या बाई त्यांच्या दिवंगत आईचे चित्र करून घ्यायला आल्या. आईचा धड फोटो एकच होता, एका लग्नातला, आणि त्यात हात पदराआड होते. त्यांना आई चुलीपुढे भाकरी थापताना हवी होती. मी ते काम आनंदाने घेतले, कारण हात ही तोवर माझी खात्रीची बाजू झाली होती. उजवा पंजा पिठावर, डाव्या हाताची बोटे भाकरीच्या कडेला, अंगठा वर उचललेला, सांध्यांची कमान नेमकी. चित्र पाहून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, ‘चेहरा आईचाच आहे हो, पण हे हात आईचे नाहीत. हे कोणाचेच नाहीत.’

मला राग आला, आणि त्या रागाचे समर्थन मी आजही करू शकते. जे हात फोटोत नाहीत ते मी कुठून आणणार? पण त्या सांगू लागल्या, तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली. आईच्या उजव्या हाताची करंगळी मोडून वाकडीच बसली होती, त्यामुळे ती पिठाला लागत नसे. थापण्याचा सगळा जोर तळव्याच्या टाचेतून येई, आणि म्हणून तिचे मनगट नेहमी बाहेरच्या अंगाला झुकलेले असे. मी त्यांनाच परात घेऊन समोर बसवले. त्यांची करंगळी सरळ होती, तरी भाकरी थापताना ती आपोआप वर उचलली जात होती; आईकडे पाहत शिकलेल्या हाताने तिचे व्यंगही उचलले होते. मी ते हात काढले. चित्र त्यांनी नेले. ते आईचे हात झाले का, असे मी विचारले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, ‘जवळ आलेत.’

तेव्हापासून मी माझ्याच जुन्या सल्ल्याशी भांडते आहे. ‘पाने भरा’ असे मी मुलांना सांगत असे, आणि पाने भरता भरता माझा एक हात ठरून गेला होता : बरोबर, देखणा आणि कोणाचाही नसलेला. सावळाराम हळदणकरांचे हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे. ज्योतीसमोर धरलेल्या बोटांच्या फटींतून जो तांबूस उजेड झिरपतो, तो त्यांनी स्वतःच्या मुलीला समोर उभे करून पाहिलेला आहे. तो हाडे-स्नायू दाखवणाऱ्या कुठल्याही तक्त्यावरून उचलता आला नसता. मात्र जुनी मी लगेच उलट विचारते : सरावाची ती पाने भरली नसती, तर त्या बाईंची भाकरी थापून होईपर्यंत त्यांचे हलते हात तुला पकडता आले असते का? याला माझ्याकडे उत्तर नाही. हळदणकरांची नजर जितकी खरी, तितकाच त्यांचा तयार हातही खरा.

सध्या मी नव्या मुलांना तक्ते उशिरा दाखवते. आधी घरातल्या एका माणसाचे हात, काम करताना, रोज पंधरा मिनिटे : लसूण सोलणारी आजी, दाढी करणारे वडील. मनगटापासून सुरुवात, मग तळव्याचा ठोकळा, चार बोटांचा एकत्र आकार, आणि अंगठा वेगळा, कारण त्याचे तोंड बाकी बोटांच्या दिशेला नसते. यात काही मुले कंटाळून वर्ग सोडतात, आणि पालक मला सांगतात की शेजारच्या वर्गातली मुले परीक्षेपुरते हात लवकर शिकली. ते खोटे बोलत नाहीत. पुढच्या वर्षी एका तुकडीला मी आधी हाडे शिकवून पाहणार आहे.