खोडलेलं नाव

गुरुवार, रात्रीचे पावणेअकरा

झोप येत नाहीये. कारण एवढंसंच आहे, कुणाला सांगायला गेले तर सांगता सांगताच विरून जाईल. म्हणून लिहिते.

दुपारी सुलूकडे बसलो होतो सगळ्या. तिने वहीच्या पानांच्या चिठ्ठ्या कापून ठेवल्या होत्या. वर ‘आवडता लेखक’, खाली ‘का?’, आणि त्याखाली आपलं नाव. मी ‘का’ आधी लिहून टाकलं. विचार करावाच लागला नाही, कित्येक वर्षं तयार असल्यासारखं ते आलं: ‘यांच्या अंधाराला पायऱ्या असतात. उतरता येतं आणि वरही येता येतं.’ मग वर नाव लिहिलं, गजानन माधव मुक्तिबोध, हिंदीतले माझे कवी. तेवढ्यात सुलू चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, “मराठीच हं सगळ्या!”

सहज म्हणाली ती. माझ्याकडे बघूनसुद्धा नाही.

आणि मी नाव खोडलं. नुसतं काट मारून नाही, खालची अक्षरं दिसू नयेत इतकं गिरवून. शेजारी दुर्गा भागवत लिहिलं. खालच्या दोन ओळी तशाच राहू दिल्या.

पुलं तिघींचे निघाले, एकीचे शिवाजी सावंत. प्रज्ञाने जी.ए. लिहिले होते आणि कारणाच्या जागी फक्त ‘सांगता येत नाही’. माझी चिठ्ठी वाचली तेव्हा दोघी-तिघी “वा!” म्हणाल्या. दुर्गाबाईंचा जन्म आपल्या इंदूरचा, 1910 चा, हेही कुणीतरी कौतुकाने सांगितलं. माई तेवढ्या म्हणाल्या, “पायऱ्या कुठल्या गं?”

मी म्हटलं, “‘पैस’मध्ये, माई. तो नेवाशाचा खांब... म्हणजे त्या अर्थाने.”

कुठल्या अर्थाने? दुर्गाबाईंच्या ‘पैस’ या पुस्तकातला, ज्ञानेश्वरांनी टेकून ज्ञानेश्वरी सांगितली तो खांब. त्याला आणि माझ्या पायऱ्यांना काही देणंघेणं नाही. माईंनी पुढे विचारलं नाही. चष्मा पदराला पुसत बसल्या. तो चष्मा पुसणं अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

दुर्गाबाई मला आवडत नाहीत असं नाही. ‘ऋतुचक्र’ दर चैत्रात काढते, सायली हसते त्यावर. पण विचारलं होतं आवडता कोण, आणि मी त्या माणसाचं नाव गिरवून काळं केलं. आठ रुपयांना खजुरी बाजारात घेतलेलं मुक्तिबोधांचं ते पुस्तक, पाठीची शिवण उसवलेलं. मी होळकर कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. मुक्तिबोध 1938 मध्ये त्याच कॉलेजातून बी.ए. झाले हे तेव्हा मला ठाऊकसुद्धा नव्हतं. नंतर कळलं तेव्हा भंवरकुआँवरून जाताना त्या इमारतीकडे किती दिवस वेगळ्याच नजरेने बघायचे. बाबा म्हणाले होते, हे काय आणलंस, यातलं मलाही... जाऊ दे.

कळत नव्हतंच. उन्हाळ्यात गच्चीवर गाद्या घातल्या की सगळे झोपेपर्यंत थांबायचं आणि बॅटरीच्या उजेडात वाचायचं. ‘ब्रह्मराक्षस’ ही त्यांची कविता पहिल्यांदा तशीच वाचली. गावाबाहेर पडक्या भागात एक सुनी बावडी, आपण बारव म्हणू. तिच्या खोल पाण्यात एक ब्रह्मराक्षस. आपल्या आजीच्या गोष्टीतला पिंपळावरचा ब्रह्मराक्षस लोकांना छळायचा. हा कुणाला छळत नाही. हा प्रचंड शिकलेला आहे आणि रात्रंदिवस अंग घासतोय. कुठला तरी मळ अंगावर आहे असं त्याला वाटतं आणि तो काही केल्या निघत नाही. अंधाऱ्या पायऱ्या चढतो, घसरतो, पुन्हा चढतो. आणि शेवटी कवी काय म्हणतो, तर मला याचा शिष्य व्हायचंय, याचं अर्धं राहिलेलं काम पुढे न्यायचंय. भुताला घाबरायचं नाही, त्याच्याकडे शिकवणी लावायची! एकोणीस वर्षांच्या मुलीला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या रात्रीनंतर आजवर जे काही वाईट झालं, त्यात मी पायरी शोधत आले.

आणि ती हिंदी. वाचताना कायम वाटतं की आपल्या घरातला कुणीतरी बाहेरच्या खोलीत पाहुण्यांशी बोलतोय. शब्द हिंदी, पण वाक्याला लागलेला दम आपला. ‘अँधेरे में’मध्ये टिळकांचा पुतळा आहे. त्या दगडी पुतळ्याच्या नाकातून रक्त वाहायला लागतं आणि कवी वडिलांना मारावी तशी हाक मारतो. माळव्यातल्या एका मराठी घरातल्या मुलाने हिंदीतल्या एवढ्या मोठ्या कवितेत टिळकांना आणून उभं केलं. आणि ज्याने हे केलं, त्याला स्वतःचा एकही कवितासंग्रह छापून आलेला बघायला मिळाला नाही. 11 सप्टेंबर 1964 ला गेले, ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ त्यानंतर त्याच वर्षी आलं.

त्यांना मी सुलूच्या एका वाक्यावर गिरवून टाकलं.

का, ते मला चांगलं ठाऊक आहे, उगाच कशाला लपवू. सायलीच्या साखरपुड्यात मी म्हटलं होतं, “आम्हाला काल माहीत पडलं.” विहीणबाई हसून म्हणाल्या, “कळलं म्हणा हो, माहीत कसलं पडतंय!” वाईट मनाने म्हणाल्या नाहीत. पण त्या दिवसापासून पुण्याचा फोन आला की मी आधी मनात वाक्य जुळवते. चहा ‘बनवते’ नाही, चहा ‘करते’. सगळं आयुष्य घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी बोलले. दोन्ही आपल्याच आहेत असं समजत होते आणि साठीला आल्यावर कळलं की दोन्हीकडे मी थोडी बाहेरचीच आहे. तिकडे गेलं की हिंदीवाली, इथे बाजारात आडनाव सांगितलं की मराठीवाली. मग निदान सुलूच्या दिवाणखान्यात, आपल्याच बायकांत, मी पुरती मराठी असावं असं वाटलं तर... इतकं वाटलं मला. रडू आलं आत्ता हे लिहिताना.

पाणी पिऊन आले.

कपाटातून दोन्ही पुस्तकं काढलीत. शिवण उसवलेलं ते आणि ‘पैस’. पायऱ्या शोधतेय म्हणजे माईंना दिलेलं उत्तर खरं करता येतं का ते बघतेय, हे मलाही कळतंय. पण एक गोष्ट सारखी मनात येतेय. दुर्गाबाई आदिवासी भागात फिरत असताना विषबाधा होऊन कित्येक वर्षं अंथरुणावर पडून होत्या. त्या अंथरुणातून उठलेल्या बाईने 1956 मध्ये ‘ऋतुचक्र’ दिलं, बारा महिन्यांची झाडं-पानं-ढग असे बघितले की पडून राहिलेल्या माणसालाच तसं बघता यावं. आणि 1975 ला कऱ्हाडच्या संमेलनात, आणीबाणी चालू, यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष म्हणून मंचावर, आणि अध्यक्षपदावरून ही बाई बोललीच. पुढच्या वर्षी तुरुंगात गेली. बोलण्याचे सगळे धोके पत्करायलाच हवेत असं मुक्तिबोधांनी ‘अँधेरे में’मध्ये लिहून ठेवलं होतं. दुर्गाबाईंनी ते वाचलं होतं की नाही, काय फरक पडतो. म्हणजे दोन ओळी अगदीच चुकीच्या घरात गेल्या नाहीत. खोडलं ते मात्र खोडलंच.

आणि मुक्तिबोधांच्या घरातच तर दोन्ही होतं. गजानन हिंदीत लिहिणारे, धाकटे शरच्चंद्र मराठीत. ते 1921 चे, जन्म आपल्या इंदूरचाच. ‘क्षिप्रा’ कादंबरी त्यांची. एका आईचे दोन मुलगे. त्या घरात जेवताना कुणी कुणाला म्हणालं असेल का, मराठीच हं?

हे दुपारी का नाही सुचलं.

शुक्रवार, सकाळ

साडेसातला माईंना फोन केला. त्या लवकर उठतात. म्हटलं, “माई, काल ज्या पायऱ्या विचारल्यात ना तुम्ही, त्या दुर्गाबाईंच्या नव्हत्या. मुक्तिबोधांच्या होत्या.”

“शरच्चंद्रांच्या?”

“नाही, थोरल्यांच्या.”

जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाल्या, “चिठ्ठीवर गिरवलेलं दिसलं होतं मला. मागच्या बाजूला शाई उतरली होती.”

मला काही बोलवेना.

“पुढच्या वेळी पुस्तक घेऊन ये. वाचून दाखव. हिंदी मला कळते, पण अर्थ सांगत बसू नकोस, नुसती वाच.”

मी म्हटलं, “मोठी आहे माई कविता.”

“मग चहा आधी घेऊ.”

‘ब्रह्मराक्षस’ अर्धीअधिक पाठ आहे अजून, आंघोळ करताना म्हणून बघितली. मधल्या भागात अडखळते. पुस्तकाची शिवण आज संध्याकाळी राजवाड्याकडच्या बाइंडरकडून घालून आणते, नाहीतर सुलूकडे पानं गळतील.