तुम्ही विचारलंत म्हणून: डॉक्टर, तुम्ही स्वतः चिकन खाता का?

खातो. नीट शिजवलेलं, आवडीने खातो.

अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जिवाणूंबद्दल मी कुठेही बोललो की शेवटी हाच प्रश्न येतो. माझं ‘हो’ ऐकून विचारणारा एक तर निर्धास्त होतो, नाहीतर माझ्यावरचा त्याचा विश्वास उडतो. मला दोन्हींचा सारखाच त्रास होतो. ब्रॉयलरच्या शेडमध्ये पशुवैद्य म्हणून इतकी वर्षं काढल्यावर माझ्या ताटाबद्दलच का विचारतात, असं वाटतं. म्हणून एकदाच सगळं लिहितो.

मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला तापलं की त्यातले रोगजंतू मरतात, मग ते औषधाला सरावलेले असोत की साधे. धोका आहे तो कच्चं मांस धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांत, त्याच सुरीने चिरलेल्या कच्च्या भाजीत, शेडमध्ये राबणाऱ्याच्या हातांवर, शेतात पडणाऱ्या खतात. आणि औषधाचा अंश वेगळा, प्रतिरोधक जिवाणू वेगळे, हे मी किती वेळा सांगू? औषध बंद केल्यावर ठरावीक दिवस पक्षी विकायचे नसतात, ते मांसातलं औषध उतरावं म्हणून. औषध उतरतं. त्याला पुरून उरलेले जिवाणू आतड्यात तसेच असतात.

आता एका बॅचबद्दल, म्हणजे शेडमध्ये एकत्र वाढवलेल्या पक्ष्यांबद्दल. ५,००० पक्षी, १९वा दिवस. सकाळी मालकाचा फोन आला की मरतूक वाढली आहे. शेडचं दार उघडलं तर अमोनियाने डोळे झोंबले. थंडी म्हणून पडदे आठवडाभर बंद, खालचं लिटर, म्हणजे जमिनीवरचं अंथरूण, ओलं. मी सहा मेलेले पक्षी उघडले. हृदयावर आणि यकृतावर पिवळट पांढरा पापुद्रा, हवेच्या पिशव्या गढूळ. ई. कोलाय या जिवाणूच्या संसर्गाचं इतकं स्पष्ट चित्र क्वचितच दिसतं. स्वॅब घेऊन लॅबला पाठवायला हवा होता. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागले असते. मालक म्हणाला, ‘डॉक्टर, तोवर माझं उरेल काय?’ मी एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं, पिण्याच्या पाण्यातून, सगळ्या ५,००० पक्ष्यांना. आजारी पक्षी पाणी कमी पितो, त्यामुळे ज्याला गरज आहे त्याच्याच पोटात औषध कमी जातं आणि धडधाकट पक्षी पोटभर पितात. हे मला ठाऊक होतं.

तीन दिवसांनी मरतूक तेवढीच. मग मी कोलिस्टिन हे दुसरं अँटिबायोटिक लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून आकडा उतरायला लागला, चौथ्या दिवशी जवळजवळ थांबला. मालकाने माझे हात हातात घेतले. मी फार समाधानाने घरी गेलो, आणि पुढची काही वर्षं अशी केस आली की कोलिस्टिन लिहीत राहिलो.

तोंडावाटे दिलेलं कोलिस्टिन आतड्यातून रक्तात जवळजवळ जातच नाही. हे मी शिकलो होतो, परीक्षेतही लिहिलं होतं. रोग हृदयावर आणि हवेच्या पिशव्यांत, औषध आतड्यात. मग पक्षी वाचले कशाने? त्याच दिवशी मालकाने पडदे वर गुंडाळले होते आणि ओलं लिटर काढून कोरडं पसरलं होतं. मीच सांगितलं होतं, जाता जाता. श्रेय मात्र मी बाटलीला दिलं. त्या बाटलीने केलं असेल ते इतकंच, हजारो आतड्यांतल्या जिवाणूंना कोलिस्टिनची ओळख करून दिली.

नोव्हेंबर २०१५मध्ये चीनमधून एमसीआर-१ या जनुकाची बातमी आली. कोलिस्टिनला निकामी करणारं हे जनुक प्लाझ्मिडवर, जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर बसतं, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातं. डुकरांत सापडलं, कोंबडीच्या कच्च्या मांसात सापडलं, रुग्णांतही सापडलं. बाकी सगळी औषधं हरल्यावर अतिदक्षता विभागात डॉक्टर जे काढतात, ते हे औषध. त्या रात्री मी जुन्या डायऱ्या घेऊन बसलो आणि कोलिस्टिनच्या नोंदी मोजू लागलो. आकडा चाळीसच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडलं.

तेव्हाचा मी म्हणायचो, वजन वाढावं म्हणून रोज खाद्यात चिमूटभर मिसळणारे वेगळे, मी आजारावर देतो, पूर्ण डोस देतो, पूर्ण दिवस देतो. त्यात तथ्य होतं, आजही आहे. पण पाण्यातलं औषध फक्त रोगाच्या जिवाणूला भेटत नाही. एन्रोफ्लॉक्सासिन द्यायचं ई. कोलायसाठी, आणि प्रतिरोध यायचा आतड्यात शेजारी असलेल्या कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूमध्ये, ज्याचा कोंबडीला सहसा काही त्रास नसतो, माणसाला होतो. याच कारणाने अमेरिकेने २००५मध्ये कोंबड्यांसाठी ते बंद केलं. मी ती बॅच पाहिली ती त्यानंतर. मला तो निर्णय माहीत होता, आणि तरीही मी लिहिलं. घाई होती, मालक समोर उभा होता, ही कारणं खरी आहेत. ती पुरेशी आहेत का, यावर माझं माझ्याशीच अजून जमत नाही.

वाढीसाठी अँटिबायोटिक देणं स्वीडनने १९८६मध्ये थांबवलं, युरोपीय संघाने २००६पासून. तिथला कोंबडीपालनाचा धंदा बुडाला नाही. तेवढ्याबाबत माझ्या मनात शंका नाही. आजारी पक्ष्यांचं काय करायचं, तिथे मी अडतो. श्वासासाठी मान ताणून चोच उघडणारा पक्षी समोर असताना ‘औषधच नको’ असं मला म्हणता येत नाही. मी अजूनही लिहितो, पण आधी स्वॅब घेतो.

मध्यंतरी असाच एका शेडमध्ये रिपोर्टसाठी थांबलो. दोन दिवसांत १४० पक्षी गेले. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट पाहून एक जुनं, साधं औषध दिलं, ते लागू पडलं. मालकाने विचारलं, ‘हेच पहिल्या दिवशी का नाही दिलंत?’ मी त्याला पडद्यांबद्दल, लिटरबद्दल, पुढच्या बॅचबद्दल सांगत राहिलो. तो ऐकून घेत होता. नजर मात्र दाराशी रचलेल्या मेलेल्या पक्ष्यांवर होती.