शाळेचं भिजलेलं दप्तर

आमच्या टेम्पोत दीडशे दप्तरं होती. वह्या, कंपास, पाण्याच्या बाटल्या आणि रंगपेट्याही. १७ ऑगस्ट २०१९, शनिवार. शिरोळ तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेपुढं आम्ही सातजण उतरलो, तेव्हा भिंतीवर खिडकीच्या वरच्या कडेपर्यंत पाण्याची तपकिरी रेघ दिसत होती. तिकडं सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. हे आकडे टीव्हीवर ऐकले होते. ती रेघ आपल्या डोक्यावरून जाते हे तिथं उभं राहिल्यावर कळलं.

पोरं अंगणात होती. आमच्यातल्या एकानं उत्साहानं रंगपेट्या उघडल्या. चौथीतला एक मुलगा शांतपणे म्हणाला, "दादा, माझं हे तिसरं दप्तर. चित्र पण काढलंय परवा. परत होडीच काढू का?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. पुण्याहून निघण्याआधी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण झालं होतं. मुलांना पुराचं काही सांगायचा आग्रह करायचा नाही, त्यांचं त्यांना बोलू द्यायचं, हे त्यातलं पहिलं पथ्य. ते आम्ही पाळणार होतोच. पण आमच्या आधी दोन संस्था येऊन गेल्या असतील आणि पोरं चित्रं काढून कंटाळली असतील, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मुख्याध्यापिका बाई हातात खराटा घेऊनच बाहेर आल्या. गुडघ्यापर्यंत गाळ. "दप्तरं ठेवा की, लागतील," म्हणाल्या. "पण आमचं दप्तर वाचवता येतंय का बघा."

ऑफिसच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. पुरात गंजून त्याचं दार बसलं होतं. पाणी गुरुवारी उतरलं, दार शनिवारी सकाळी पहारीनं उघडलं. आत जनरल रजिस्टरं. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक पोराचं नाव, जात, जन्मतारीख, कधी आला, कधी गेला, का गेला. शाळा सुटल्याचा दाखला या रजिस्टरावरून निघतो. आणि जातीच्या दाखल्याला जुना पुरावा मागतात तेव्हा लोक इथंच येतात. अनुसूचित जातींना १९५० च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना १९६१ च्या आधीचा, इतर मागासवर्गीयांना १९६७ च्या आधीचा. ज्याच्या आज्यानं दुसरीपर्यंत का होईना शाळा बघितली, त्याच्या नातवाचं काम या पानांवर अडलेलं असतं.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. त्या दिवशी फावडं मारायला गेले होते, आणि आठ-दहा वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या शिक्षणाचा असा उपयोग होताना दिसला. ग्रंथालयशास्त्राला असताना इटलीतल्या फ्लॉरेन्सचा धडा होता. १९६६ च्या नोव्हेंबरात आर्नो नदी शहरात शिरली आणि राष्ट्रीय ग्रंथालयातली पुस्तकं चिखलातून उपसायला देशोदेशीची तरुण पोरं धावली. परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्यातलं एकच वाक्य पक्कं डोक्यात होतं: कागद पाण्याखाली असतो तोवर बुरशीला फारसं जमत नाही, पाणी उतरलं की घड्याळ सुरू होतं, आणि हातात साधारण दोन दिवस असतात. ते दोन दिवस त्या सकाळी संपत आले होते. दोन रजिस्टरांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी लव दिसायला लागली होती.

बाहेर आमचाच एकजण दोन रजिस्टरं उन्हात पसरायला निघाला होता, त्याला थांबवलं. उन्हानं पानं आखडतात, एकमेकांना चिकटतात. वर्तमानपत्रं घालूया म्हणाला, तर तेही नको, ओल्या कागदावर त्याची शाई उतरते. जयसिंगपुरातल्या एका छापखान्यातून कोऱ्या न्यूजप्रिंटचे उरलेले रोल मिळाले. मालक पैसे घेईना.

ओलं रजिस्टर पोरांच्या हातात द्यायचं नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. पुराच्या गाळात काय काय असतं, आणि बुरशी श्वासातून आत जाते. आम्ही मोठ्यांनी मास्क आणि हातमोजे घातले. पोरं लांब, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसून न्यूजप्रिंटचे रजिस्टराच्या मापाचे ताव कापायला लागली. सातवीच्या दोन मुलींनी पाट्यांवर पान नंबर लिहायचं काम घेतलं. प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढायचा आणि फोटोत पाटी दिसली पाहिजे. दहा मिनिटांत त्यांनी आम्हाला कामाला लावलं. "ताई, सत्तेचाळीस झालंय, तुम्ही अजून पंचेचाळीसवरच!" सकाळच्या त्या प्रश्नानंतर कुणाशी न बोललेला तो होडीवाला मुलगा तावांचे गठ्ठे मोजून आणून देत होता आणि एक जरी कमी भरला तरी परत मोजत होता.

दर दहा-बारा पानांमागं एक ताव, रजिस्टर उभं करायचं, पंखा लांबून. वीज नव्हती, जनरेटर आमच्याकडं होता. ताव ओला झाला की बदलायचा. असं दिवसभर.

एक गोष्ट बघून मी थक्क झाले. १९३०-४० च्या दशकातली रजिस्टरं जवळपास शाबूत होती. टाकानं लिहिलेली ती निळी-काळी शाई कागदात मुरलेली, आठवडाभर पुरात राहूनही अक्षर जागचं हललं नव्हतं. अलीकडची बॉलपेनची रजिस्टरंही बरी होती. मधली, साठ-सत्तरच्या दशकातली, फाउंटन पेनच्या सुंदर निळ्या शाईची पानं मात्र नुसता आभाळाचा रंग होऊन बसली होती. वळणदार अक्षर काढणाऱ्या कुणा गुरुजींची सगळी मेहनत वाहून गेली होती.

आणि एक पान मी घालवलं. खोटं कशाला सांगू. दोन पानं चिकटलेली दिसत होती, ओली असताना सुटतील म्हणून मी बोटानं सोडवायला गेले. बोटभर रुंदीची एक पट्टी समोरच्या पानाला चिकटून निघून आली. पाच नावांचा जन्मतारखेचा रकाना गेला. बाई बघत होत्या. म्हणाल्या, "जाऊ दे ताई, त्यातल्या चौघांची १ जूनच असणार." त्या हसल्या, मला हसू आलं नाही. मग मात्र चिकटलेलं काहीही मी सोडवलं नाही.

दुपारपासून एक आजोबा फाटकाशी उभे होते. बाई त्यांना तात्या म्हणत. नातीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, जातपडताळणी व्हायची होती. तात्यांच्या वडलांचं नाव एका जुन्या रजिस्टरात होतं. कुठलं साल ते त्यांना सांगता येईना. "माझा बा दुसरीत हुता तवाचं," एवढंच. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. त्यामुळं आम्ही एकेक पान उलटतोय आणि ते आमच्या तोंडाकडं बघतायत, असं तासभर चाललं.

ते नाव सापडलं १९४१ च्या पानावर. पाटीवाल्या मुलीनं लांबूनच, फोटोत मोठं करून वाचलं. नाव स्पष्ट, जात स्पष्ट. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण: सतत गैरहजर.

तात्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "गैरहजर न्हवता त्यो. दगड फोडाया जायाचा आज्याबरुबर."

बाईंनी मान डोलावली. त्यावर कुणीच काही बोललं नाही. पोरीनं पाटी पुसून पुढचा नंबर लिहिला.

चार वाजेपर्यंत हिशेब स्पष्ट झाला. एकवीस रजिस्टरांपैकी पाच इतकी चिंब होती की ताव घालून ती त्या दिवशी सुकणं शक्य नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी बुरशीनं खाल्ली असती. १९४१ चं त्यातच. अशा वेळी एकच उपाय असतो, तो म्हणजे गोठवणं. उणे अठरा अंशांवर बुरशी थांबते, मग सवडीनं एकेक काढून सुकवता येतं. बाईंना सांगितलं तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की शहरातली बाई उन्हानं भ्रमिष्ट झाली. पण फोन त्यांनीच लावला. त्यांचा एक जुना विद्यार्थी जवळच्या एका डेअरीत आइस्क्रीम विभागाला होता.

रजिस्टरं एकेक करून प्लास्टिकमध्ये गुंडाळली, क्रेटमध्ये भरली. तात्या टेम्पोत आधीच जाऊन बसले होते. "बर्फात अक्षर जात न्हाई न्हवं?" हे त्यांनी मला वाटेत तीनदा विचारलं. क्रेट खाली ठेवा म्हटलं तरी ठेवेनात, मांडीवरच.

डेअरीच्या फाटकावर रखवालदारानं वही पुढं केली. काय आणलंय ते लिहिल्याशिवाय आत सोडत नाहीत. बाईंनी पेन घेतलं आणि लिहिलं: शाळेचे दप्तर, भिजलेले, नग ५. रखवालदारानं ते वाचलं, क्रेटकडं बघितलं, तात्यांकडं बघितलं आणि विचारलं, "परत कधी न्यायचं?"

"सुकवायला जागा झाली की," बाई म्हणाल्या. "आधी शाळेतला गाळ काढायचाय."