धूर आणि धुकं: सहा आठवड्यांची नोंद

मागच्या नोंदीत मी ठरवलं होतं की सहा आठवडे रोज दोनच गेम खेळायचे: संध्याकाळी एज ऑफ एम्पायर्स 4 (गाव वसवून फौज लढवायचा डावपेचांचा गेम) ची एक मॅच आणि रात्री काउंटर-स्ट्राइक 2 (संघासंघातला नेमबाजीचा गेम) च्या दोन. बाकी सगळं सुट्टीच्या दिवशी. रँक वाढवायची इच्छा होतीच, पण खरी उत्सुकता वेगळी होती. दोन्हीकडे मी हरायचे ते एकाच कारणाने, असा मला संशय होता. सहा आठवड्यांनी तो संशय खरा निघालाय. माझे हात पुरेसे वेगाने चालतात. मला जे दिसत नाही, त्याचा मी विचार करत नव्हते.

आधी एज ऑफ एम्पायर्सचं. मी दिल्ली सल्तनत घेतली आणि शेवटपर्यंत बदलली नाही. या संस्कृतीचं सगळं संशोधन फुकट असतं, पण वेळ खूप लागतो. मशिदीत विद्वान बसवले की तो वेळ कमी होतो. त्यामुळे दिल्ली खेळताना पैशापेक्षा घड्याळाचा हिशेब जास्त ठेवावा लागतो, आणि हे मला फार आवडतं. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये गेम आला तेव्हा त्यात आठ संस्कृती होत्या, नंतर बऱ्याच वाढल्या. पण दिल्लीइतकी वेगळ्या चालीची संस्कृती मला अजून दुसरी सापडलेली नाही.

पहिल्या दहा दिवसांत फ्रेंचांनी मला सलग पाच वेळा हरवलं. फ्रेंच खेळाडूला दुसऱ्या युगातच रॉयल नाइट मिळतात, आणि चिलखतातले चार घोडेस्वार सोन्याच्या खाणीवर आले की गावकरी पळून पळून मरतात. पाचव्या पराभवाचा रिप्ले मी नीट बसून पाहिला. माझे सात गावकरी गेले होते. टाउन सेंटरमधून (गावाच्या मुख्य इमारतीतून) एक गावकरी निघायला 20 सेकंद लागतात, म्हणजे सात गावकऱ्यांचे 140 सेकंद, शिवाय 350 अन्न. मॅच तिथेच संपली होती. पुढची वीस मिनिटं मी उगाच लढत बसले होते.

मग रिप्लेमध्ये मी एक गोष्ट केली, आणि ती प्रत्येकाने करून पाहावी असं मनापासून वाटतं. धुकं (नकाशाचा आपल्याला न दिसणारा भाग झाकणारं) बंद करून सगळा नकाशा पाहण्याऐवजी फक्त माझ्या बाजूचं धुकं चालू ठेवून तोच रिप्ले पुन्हा पाहिला. त्या वेळी मला नेमकं काय दिसत होतं? तर जवळजवळ काहीच नाही. माझा स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार) चौथ्या मिनिटापासून टाउन सेंटरच्या मागे उभा होता. मेंढ्या गोळा करून झाल्या आणि मी त्याला विसरून गेले. नकाशाचा उजवा अर्धा भाग पूर्ण काळा. घोडेस्वार आले ते त्याच बाजूने.

एज 4 मध्ये पुढच्या युगात जायला लँडमार्क (एक खास मोठी इमारत) बांधावी लागते आणि ती शत्रूला जवळ जाऊन पाहता येते. फ्रेंच खेळाडूने स्कूल ऑफ कॅव्हलरीचा पाया घातला की ती तबेल्याचंच काम करणार, घोडे येणार. चेंबर ऑफ कॉमर्स असेल तर तो व्यापाराकडे वळलाय, थोडा श्वास घ्यायला वेळ आहे. म्हणजे योग्य वेळी स्काउटने त्याच्या गावावरून एक चक्कर मारली की पुढच्या चार-पाच मिनिटांचा डाव समोर मांडून ठेवल्यासारखा असतो. त्यानंतर सोन्यावर त्याचे किती गावकरी बसलेत तेवढं मोजायचं. यासाठी नवीन बिल्ड ऑर्डर (काय कधी बांधायचं त्याचा क्रम) लागत नाही की जास्त क्लिक लागत नाहीत. साडेतीन मिनिटांनी एकदा तिकडे पाहायचं, बस्स.

दुसऱ्या आठवड्यापासून मी स्काउटला कंट्रोल ग्रुप 9 वर बांधलं, म्हणजे 9 दाबलं की तो लगेच निवडला जातो. घोडे येणार हे दिसलं की भालेकरी आधीच खाणीशी. भालेकरी धावून येणाऱ्या घोड्यांसमोर भाले रोखतात, पण ते जागेवर असतील तरच. मागून पळत येऊन काही उपयोग नाही. पुढच्या आठ फ्रेंच मॅचपैकी पाच जिंकले.

पवित्र स्थळांबद्दल (नकाशावरच्या, धरल्यावर सोनं देणाऱ्या जागांबद्दल) दोन शब्द. दिल्लीचे विद्वान योग्य ते संशोधन झालं की दुसऱ्या युगातच ती धरू शकतात, इतरांना तिसऱ्या युगापर्यंत थांबावं लागतं. सोनं येतं ते चांगलंच. पण मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: स्थळ धरलं की समोरच्याला कळतं आणि तो बाहेर पडतो. धुक्यात शिरून त्याला शोधायच्या ऐवजी त्याला माझ्याकडे यायला लावायचं. वाटेवर झाडी असेल तर पायदळ झाडीत लपवता येतं. पाचव्या आठवड्यात एका मंगोल खेळाडूला मी असं दोनदा धरलं. तिसऱ्यांदा त्याने आधी एक घोडेस्वार झाडीत पाठवला. तो शिकला, मलाही मान्य करावं लागलं.

आता काउंटर-स्ट्राइक 2. सप्टेंबर 2023 मध्ये जुन्या आवृत्तीच्या जागी हा आला तेव्हा मी नाखूश होते. आज माझं मत पूर्ण बदललंय, आणि त्याचं कारण धूर. आधी स्मोक (धुराचा ग्रेनेड) म्हणजे एक ठरलेला गोळा होता. काही कोपऱ्यांत तर एकाला पलीकडचं दिसायचं आणि दुसऱ्याला दिसायचं नाही. आता धूर जागेचा आकार घेतो. दारात टाकला तर दार भरून बाहेर ओघळतो, आणि तो सगळ्यांना सारखाच दिसतो. गोळ्यांनी त्यात बारीक भोकं पडतात. एचई (स्फोटाचा) ग्रेनेड फुटला की धुरात मोठं भगदाड पडतं आणि क्षणभराने पुन्हा भरून येतं. नेमबाजीच्या गेममध्ये इतक्या वर्षांत झालेला इतका चांगला बदल मला दुसरा आठवत नाही. बंदुका त्याच, नकाशे बरेचसे तेच, पण विचार करायला एक नवीन गोष्ट मिळाली.

या गेममध्ये हल्लेखोर ए किंवा बी यांपैकी एका जागी (साइटवर) बॉम्ब लावतात, आणि बचाववाले त्यांना रोखतात किंवा बॉम्ब निकामी (डिफ्यूज) करतात. मिराज नकाशावर मी बचावात बी साइट सांभाळते. पहिले दोन आठवडे असं व्हायचं: ए साइटवर तीन स्मोक पडले की मी धावत सुटायचे, आणि मी अर्ध्या वाटेत असताना बॉम्ब बीवर लागायचा. रागाने मी हे सगळे राउंड लिहून काढले. मग एक साधी गोष्ट लक्षात आली. एका खेळाडूकडे एकच स्मोक असतो. तीन स्मोक पडले म्हणजे निदान तीन जण त्या क्षणी ए च्या बाजूला उभे होते. ते बीवर यायचे तर पूर्ण वळसा घालून येणार. म्हणजे स्मोक पडल्यावर लगेच पळायचं नाही. मधून पावलांचा आवाज येतोय का ते ऐकायचं, आणि ए वरच्या जोडीदाराला विचारायचं, "कोणी धुरातून बाहेर आलं का?" नाही म्हणाला तर थांबायचं. धूर साधारण 18-20 सेकंद टिकतो. तेवढ्या वेळात कोणीच बाहेर आलं नाही, तर तो देखावा आहे.

हे कळल्यापासून बीवर माझे राउंड वाचायला लागले.

पण ज्या राउंडसाठी मी ही नोंद लिहायला घेतली, तो हल्ल्याच्या बाजूचा. स्कोअर 11-11. बॉम्ब ए साइटवर लागलेला, आमच्याकडून मी एकटी, समोर एक. जोडीदार मरून माझी स्क्रीन पाहत होता. समोरच्याने बॉम्बवर स्वतःचाच स्मोक टाकला आणि आत शिरला. मी ए शेजारच्या पॅलेस या जागेच्या सावलीत. एके-47 मध्ये 19 गोळ्या, हातात एक एचई. धुरात आंधळेपणाने गोळ्या मारायचा मोह झाला, पण माझी जागा त्याला कळली असती. मग डिफ्यूजचा आवाज आला. जोडीदार हळूच म्हणाला, "ताई, सुरू केलंय. थांब, खोटं असेल." किट (खास अवजारं) असेल तर डिफ्यूजला 5 सेकंद, नसेल तर 10. मी एक सेकंद मोजला. दोन. आवाज तुटला नाही. ग्रेनेड टाकला, बंदूक हातात घेतली आणि क्रॉसहेअर (नेमाचं चिन्ह) बॉम्बच्या वर, वाकून बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवला. ग्रेनेड फुटला, धूर फाटला, आणि तो अगदी तिथेच होता, पाठमोरा. एक गोळी. एकेची गोळी डोक्यात बसली तर हेल्मेट असूनही दुसरीची गरज नसते. धूर परत भरला तोवर राउंड संपला होता. जुन्या आवृत्तीत तो धुरात सुरक्षित होता, मला नशिबावर गोळ्या माराव्या लागल्या असत्या.

एक तक्रार मात्र आहे. आता प्रत्येक बाजूला 12 राउंड असतात, पूर्वी 15 होते. मॅच आटोपशीर झाली हे चांगलं. पण पिस्तुलांचे दोन राउंड (प्रत्येक अर्ध्यातला पहिला, जेव्हा पैसे जेमतेम पिस्तुलापुरतेच असतात) आधी 30 मधले दोन होते, आता 24 मधले दोन झालेत. पहिला पिस्तूल राउंड हरलं की दुसरा बहुतेक पैसे वाचवण्यात जातो आणि तिसऱ्यात कुठे नीट खरेदी होते. हरल्यावर मिळणारा बोनस 1400 पासून सुरू होऊन 3400 पर्यंत चढतो, पण एवढ्या छोट्या अर्ध्यात तो चढेपर्यंत स्कोअर हाताबाहेर गेलेला असतो. कोणाकडे किती पैसे असतील याचा अंदाज बांधणं हा या गेमचा आत्मा आहे. त्या अंदाजाला आता पूर्वीइतकी जागा उरली नाही, असं मला वाटतं.

सुट्टीच्या दिवसांत बाकीचे गेम झाले, त्यांच्याबद्दल थोडक्यात.

सिव्हिलायझेशन 7 (फेब्रुवारी 2025) वरून लोकांत दोन तट आहेत. मी बाजूने आहे, निदान अर्ध्या खेळापुरती. युग बदललं की संस्कृती बदलते, नेता तोच राहतो. मी अशोक घेऊन मौर्यांपासून सुरुवात केली आणि दुसऱ्या युगात चोळ झाले. पहिल्या युगात खोल समुद्र ओलांडता येत नाही, त्यामुळे अर्धं जग धुक्यातच असतं. दुसऱ्या युगात जहाजं तिकडे निघतात तेव्हा पहिल्या वळणाची ती हुरहूर पुन्हा अनुभवायला मिळते. ही कल्पना मला अप्रतिम वाटली. सेनापतीखाली फौज गोळा करून एकत्र हलवायची सोयही उत्तम, शेकडो क्लिक वाचतात. शेवटचं युग मात्र मला थंड वाटलं. तोवर सगळं दिसलेलं असतं, आणि काय करायचं तेही ठरलेलं असतं.

डूम: द डार्क एजेस (मे 2025) याच्या अगदी उलट. इथे काहीच लपलेलं नाही. राक्षस समोर, हिरवे गोळे अंगावर येतात, ढालीने परतवायचे. आधीच्या भागात सतत उड्या होत्या, इथे पाय जमिनीत रोवून उभं राहायचं. परतवण्याची वेळ किती सैल असावी आणि खेळाचा वेग किती असावा, हे स्वतः ठरवता येतं, ही सोय प्रत्येक गेममध्ये हवी. मला तो खूप आवडला, आणि दोन आठवड्यांत माझा संपलाही. पुन्हा उघडावासा वाटलेला नाही.

टेम्पेस्ट रायझिंगमध्ये तळ बांधायचा, खनिज गोळा करायचं आणि रणगाडे सोडायचे. ज्यांना जुन्या धाटणीचे रिअल-टाइम गेम हवेत त्यांनी जरूर घ्यावा.

हेलडायव्हर्स 2 वर मात्र स्वतंत्र नोंद लिहावी लागेल. चौघांचा संघ, आपली गोळी आपल्याच माणसाला लागते, आणि मदत मागवायची तर बाणांचा कोड टाकावा लागतो. मेलेल्या साथीदाराला परत बोलवायचा कोड वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, वर. शत्रू अंगावर येत असताना हे पाच बाण न चुकता टाकणं ही नेमबाजीइतकीच मोठी कला आहे. शिवाय अर्धं मॅगझिन असताना बदललं तर उरलेल्या गोळ्या गेल्याच. प्रत्येक वेळी विचार करायला लावणारा नेमबाजीचा गेम मला असाच हवा असतो.

सहा आठवड्यांचा हिशेब: एज 4 मध्ये गोल्ड 1 वरून प्लॅटिनम 1. काउंटर-स्ट्राइकच्या प्रीमियर रेटिंगमध्ये फार फरक नाही, पण मिराजवरचे बीचे राउंड मी आता आधीपेक्षा कितीतरी जास्त वाचवते, आणि ते का वाचले हे दर वेळी सांगू शकते.

पुढच्या सहा आठवड्यांसाठी काउंटर-स्ट्राइकचा इन्फर्नो नकाशा घेतलाय. बीकडे जाणाऱ्या बनानाच्या गल्लीत सुरुवातीच्या पंधरा सेकंदांत कोण किती ग्रेनेड घालवतं, ते मी वहीत उतरवायला सुरुवात केलीय. आतापर्यंत 43 राउंड झालेत. त्यातल्या 29 मध्ये हल्लेखोरांनी तिथे दोन किंवा जास्त ग्रेनेड टाकले, आणि त्या 29 पैकी 18 वेळा बॉम्ब शेवटी ए वर लागला. कोणी असाच हिशेब ठेवला असेल तर तुमचे आकडे मला पाहायचे आहेत. स्काउट अजून 9 वरच बांधलेला आहे.