शंभराच्या वरची युनिटं

लाईटबिल आलं की सगळे आधी शेवटचा आकडा बघतात आणि मग घरात पंखा बंद कर, लाईट बंद कर अशी आरडाओरड सुरू होते. मी म्हणते आधी युनिटं बघा. महावितरणच्या घरगुती बिलात पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० चा दर त्याच्या जवळपास दुप्पट, त्याच्यापुढे अजून चढा, आणि वर १६ टक्के वीज शुल्क. शंभर ओलांडली की सगळीच युनिटं महाग होतात असं आमच्या वाडीत बरेच जण धरून चालतात, तसं नाहीये, फक्त वरची महाग होतात. म्हणजेच शंभराच्या वर जात असाल तर तुम्ही जे युनिट वाचवता ते आधी महागातलंच असतं, म्हणून वीस-तीस युनिटांनीसुद्धा बिलात चांगला फरक दिसतो.

आता ही वरची युनिटं जातात कुठे? बल्ब तर सगळ्यांनी कधीच एलईडी केलेत, तिथे फारसं काही उरलं नाही. पंखे मात्र बघा. आपल्याकडे कोकणात थंडीचे दोन महिने सोडले तर घाम काही थांबत नाही, पंखा दिवसाचे पंधरा तास सहज फिरतो. जुना पंखा ७५ वॅटचा, म्हणजे महिन्याला ३३-३४ युनिटं एकट्या पंख्याची. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० वॅटच्या आसपास घेतो, तेवढ्याच वेळात १३-१४ युनिटं. सगळे एकदम बदलायची गरज नाही, जो सगळ्यात जास्त चालतो तो आधी बदला, आमच्याकडे तो माजघरातला होता कारण आई (माझ्या सासूबाई) दुपारी तिथेच आडव्या होतात.

पण कोकणातल्या घरात खरा वीजखाऊ असतो तो विहिरीवरचा पंप, आणि त्याच्याकडे कोणी बघतच नाही. एक एचपीचा पंप तासाला साधारण एक युनिट खातो. आमची टाकी भरायला हल्ली फार वेळ लागायला लागला होता, सकाळी पंप आधी नुसताच घरघरायचा, मग वरून कळशीने पाणी ओता तेव्हा कुठे उचलायचा. विहिरीत पाणी कमी झालं असेल असं सगळे म्हणत होते. वायरमनदादांनी पाईप वर काढला तर फूटवॉलच्या (पाईपच्या तळाला पाणी धरून ठेवतो तो) झडपेत नारळाच्या शेंडीचा एक झुपका अडकलेला, एवढासाच, पण त्यामुळे झडप नीट बसत नव्हती आणि रात्रभरात पाईपातलं पाणी परत विहिरीत. झुपका काढला, वायसर बदलला आणि टाकी परत पहिल्यासारखी भरायला लागली. तुमचा पंपही सकाळी पाणी धरायला वेळ लावत असेल तर फूटवॉल एकदा काढून बघाच. आणि टाकीला ऑटोमॅटिक स्विच लावा, ओव्हरफ्लो होऊन अळवात जाणारं पाणीसुद्धा विजेनेच वर चढलेलं असतं.

फ्रीजचं थोडक्यात सांगते. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा, कागद सहज ओढून निघाला तर रबर गेलंय. दमट हवेत रबराला बुरशी लवकर धरते, ते पुसत राहा, आणि फ्रीज भिंतीला अगदी चिकटवू नका. पाणी तापवायला न्हाणीत चूल असेल तर ती मोडू नका हो, झावळ्या आणि सोडणं आपल्याकडे ढिगाने असतात आणि रॉड दीड हजार वॅट खातो.

पावसाळ्यात अजून एक करा. घरातली सगळी बटणं बंद करून, फ्रीज आणि इन्व्हर्टरचीही पिन काढून मीटरजवळ जा. आमच्या मीटरवर ३२०० इम्प लिहिलंय, म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. सगळं बंद असतानाही तो लुकलुकत असेल तर ओल्या भिंतीतून कुठेतरी करंट लीक होत असू शकतो, लगेच वायरमनला बोलवा, यात बिलापेक्षा जिवाचा प्रश्न आहे.

सोलरबद्दल खूप जण विचारतात. पीएम सूर्यघर या केंद्राच्या छपरावरच्या सोलरच्या योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे, आणि १ किलोवॅटमधून वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चार युनिटं मिळतात. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ऊन कुठलं, पण जास्तीची युनिटं पुढच्या बिलात जमा होत राहतात म्हणून वर्षाचा हिशेब बसतो. फक्त घाई करू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे छपरंच्या छपरं उडाली, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. त्यामुळे पॅनलपेक्षा खालच्या स्ट्रक्चरची चौकशी जास्त करा, खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंड टिकत नाही, गॅल्व्हनाइज्डच मागा, आणि माडाची सावली दिवसभरात छपरावर कुठून कुठे सरकते ते आधी बघून ठेवा, कारण पॅनलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी वीज बरीच कमी होते.