टुनाचं डोकं

आमच्या घरात नारळ फोडण्याचं खातं माझ्याकडे आहे. खवण्याचं नाही, ते कौशल्याचं काम. मी फक्त फोडतो, आणि पाणी भांड्यात पडण्याऐवजी ओट्यावर गेलं की बोलणी खातो.

फोडण्याआधी शेंडी उपटायची, ही सवय आजीची. शेंडी निघाली की नारळ आपल्याकडे बघायला लागतो. लहानपणी मला त्या तीन डोळ्यांची चक्क भीती वाटायची. आजी रत्नागिरीकडची, तिला नारळाचं कसलं भय? ती नखाने तिन्ही डोळे चाचपायची. दोन टणक लागायचे आणि तिसऱ्यात सुरीचं टोक अलगद शिरायचं. “हा उघडा डोळा. ह्यातून कोंब येतो.” मग बाकीचे दोन कशाला, असं विचारलं तर म्हणायची, “तोंडाला शोभा म्हणून!”

आजी जाऊन वीस वर्षं झाली. ती चेष्टेत जे बोलायची ते एका बेटावर लोक शतकानुशतकं गांभीर्याने सांगत होते, हे मला आत्ता आत्ता कळलं. बेटाचं नाव मांगाइया. प्रशांत महासागरातल्या कुक बेटांपैकी हे सगळ्यांत दक्षिणेकडचं. क्षेत्रफळ सुमारे ५२ चौरस किलोमीटर, वस्ती पाचशेच्या आसपास. आमच्या सोसायटीत गणपतीच्या महाप्रसादाला याहून जास्त पानं उठतात. मी तिथे गेलेलो नाही आणि जाईन असंही वाटत नाही. पण काही गावं न जाताच ओळखीची होतात.

तिथली गोष्ट अशी. इना नावाची मुलगी रोज ओढ्यावर आंघोळीला जायची. ओढ्यात वामी पुष्कळ. त्यातली एक भलीमोठी वाम तिच्याभोवती घोटाळायची, आणि एक दिवस तिचा बघता बघता देखणा तरुण झाला. त्याचं नाव टुना. (डब्यात मिळतो तो टुना नव्हे. तिकडे टुना म्हणजे वाम.) दोघांचं जमलं. काही काळाने टुना म्हणाला, आता निरोपाची वेळ आली. उद्या धो धो पाऊस पडेल, पाणी तुझ्या उंबऱ्याला लागेल, मी वाम होऊन येईन आणि उंबऱ्यावर डोकं ठेवीन. ते कुऱ्हाडीने तोड आणि वर उतारावर पूर. इनाने तसं केलं आणि रोज त्या जागी जाऊन बघत राहिली. शेवटी मातीतून दोन कोंब आले. एकाला लाल नारळ लागले, ते टांगारोआ देवाचे. दुसऱ्याला हिरवे, ते रोंगोचे. तेव्हापासून कुठलाही नारळ सोला, त्यावर टुनाचे दोन डोळे आणि एक तोंड असतंच. आतल्या खोबऱ्याला मांगाइयात म्हणायचे ‘ते रोरो ओ टुना’, म्हणजे टुनाचा मेंदू.

म्हणजे आजीचा उघडा डोळा हा डोळा नव्हताच. ते तोंड होतं.

ही गोष्ट लिहून ठेवली विल्यम वायट गिल या मिशनऱ्याने. १८५२ पासून तो वीस वर्षं मांगाइयावर होता. जे देव मोडीत काढायला आला, त्यांच्याच कथा त्याने इतक्या निगुतीने टिपून ठेवल्या की आज आपण त्या वाचतो. त्याच्या आधी, मार्च १७७७ मध्ये, कॅप्टन कुक येऊन गेला होता, पण लाटांमुळे त्याला किनाऱ्यावर उतरताच आलं नाही. मोउरुआ नावाचा एक जण मात्र बिनधास्त जहाजावर चढला. त्याला एक सुरी भेट मिळाली, ती त्याने कानाच्या पाळीतल्या भोकात अडकवून टाकली. कुकच्या सगळ्या सफरींत मला हा माणूस फार आवडतो.

पण माझं मन अडकलं ते उंबऱ्यापर्यंत चढणाऱ्या पाण्यात. कथेतला पूर आपण सहज मान्य करतो. मांगाइयात त्याला कारण आहे. बेटाच्या मध्यावर जुन्या ज्वालामुखीचे डोंगर, आणि भोवती प्रवाळाच्या खडकाचा कोट. त्याला माकातेआ म्हणतात. काही ठिकाणी तो साठ-सत्तर मीटर उंच आहे आणि त्याची धार अशी की चपलेचं काही खरं नाही. डोंगरावरून उतरणारे ओढे या कोटाशी येऊन थबकतात, गुहांमधून जमिनीखाली शिरतात आणि समुद्राला मिळतात. थबकतात तिथे दलदल होते, आणि त्या दलदलीत अळूची खाचरं. अळू आपलाच. फक्त आपण पानांवर भागवतो, तिथे कंद हे मुख्य अन्न. आता मोठा पाऊस झाला, गुहांची तोंडं पुरी पडली नाहीत, की पाणी फुगणार, आणि ओढ्यातल्या वामी थेट दारात. टुनाला यायला दुसरा रस्ताच नव्हता.

हा कोट मुळात समुद्रात होता. तो वर आला तो शेजाऱ्यामुळे. मांगाइया फार म्हातारं बेट, सुमारे पावणेदोन-दोन कोटी वर्षांचं. दोनशे किलोमीटरवरचं रारोटोंगा त्या मानाने कालचं पोर. ते ज्वालामुखीतून वाढलं, त्याच्या वजनाने समुद्राचा तळ खाली दबला आणि लांबवर किंचित उचलला गेला. आमचे एक मामा कापसाच्या गादीवर बसले की पलीकडच्या टोकाला बसलेली मी आणि माझी बहीण वर यायचो, तसं.

आणखी एक. मांगाइयाच्या जुन्या समजुतीत सगळं विश्व म्हणजे एक प्रचंड करवंटी. तिच्या पोकळीत आवाईकी, देवांचं आणि पितरांचं जग. अगदी तळाशी वारी नावाची आदिमाता, जागा इतकी अपुरी की गुडघे हनुवटीला टेकवून बसलेली. तिने आपल्या कुशीचा तुकडा काढून पहिलं मूल घडवलं, अर्धं माणूस, अर्धा मासा. आणि वर, करवंटीच्या तोंडाशी, मांगाइया. आपल्याकडे विश्वाचं अंडं झालं, ब्रह्मांड. मला करवंटी जास्त पटते. अंड्याला डोकावायला भोक नसतं.

बेटाला हेवा वाटावा असा एक पक्षीही आहे. टांगाएओ, म्हणजे तिथला खंड्या. जगात दुसरीकडे कुठेही नाही. खंड्या असून हा माशांच्या मागे नसतो, किडे आणि सरडे खातो, आणि घरटं बऱ्याचदा माडाच्या वठलेल्या खोडातल्या ढोलीत करतो. संख्या बेताची. त्याला विणीच्या दिवसांत छळणारं जे पाखरू आहे त्याचं नाव वाचून मी खजील झालो. साळुंकी! आपली, वळचणीची साळुंकी. पिकांवरची कीड खाईल म्हणून माणसांनीच तिला कुक बेटांत नेऊन सोडलं. कीड राहिली बाजूला, बाई ढोलीच्या दारात जाऊन भांडायला लागल्या. जवळच्या आतिऊ बेटावरच्या लोकांनी तर काही वर्षं खपून तिथली एकूण एक साळुंकी संपवली.

काल नारळ जरा जोरात फुटला. पाणी ओट्यावर, बोलणी नेहमीप्रमाणे. डोळ्यांकडची वाटी खवून झाल्यावर मी ती खिडकीच्या कठड्यावर ठेवली. कडेला थोडं खोबरं राहिलं होतं. पाच मिनिटांत साळुंकी आली. तीच ती, डोळ्याभोवती पिवळं कुंकू फासल्यासारखी. आधी इकडे तिकडे बघितलं, मग टुनाच्या मेंदूवर दोन चोची मारल्या. मी जाळीतून विचारलं, “काय गं, मांगाइयाची खबर?” तिने मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं, करवंटी कठड्यावरून खाली ढकलली आणि उडून गेली. खालच्या मजल्यावरून आवाज आला, “अहो, कुणी टाकलं हे?”