भिंतीवरचे चार चौकोन

शनिवार, रात्री साडेअकरा

हॉलच्या भिंतीवर चार चौकोन मारून आठ दिवस झाले. एक लोण्यासारखा. एक त्याहून जरा कमी लोण्यासारखा. एक राखाडी, जो काल संध्याकाळी चक्क निळा दिसत होता. आणि एक पिस्ता. पिस्ता माझा नाही, सासूबाईंचा. दारात येणारा प्रत्येकजण चपला काढायच्या आधी मत देऊन मोकळा होतो. आज इस्त्रीवाल्यानेही दिलं. त्याला राखाडी आवडला.

वेळ तर अजिबात नाही. पितृपक्षात घर रंगवायला काढायचं नाही हे सासूबाईंनी गणपतीतच बजावून ठेवलंय. पुढे घट बसणार, म्हणजे घासकामाची धूळ उडवायची सोय नाही. राहिले दसरा ते दिवाळी तीनेक आठवडे, आणि तेव्हा अख्ख्या डोंबिवलीला रंग लावायचा असतो. पेंटरकाकांनी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी यायचा शब्द दिलाय. बाकीचा हिशेब त्यांनी उभ्या उभ्या केला : कार्पेट एरियाच्या साडेतीन पट धरायचं, आमचं 450 चौरस फूट, म्हणजे भिंती आणि छत मिळून साधारण 1575. एक हात प्रायमर, दोन हात लांबी म्हणजे पुट्टी, पुन्हा प्रायमर, दोन हात रंग. "तुम्ही फक्त शेडचा नंबर सांगा ताई."

घोडं अडलंय ते त्या नंबरापाशी.

साडीच्या दुकानात मला कधी असं होत नाही. आमसुली, अबोली, चिंतामणी, श्रीखंडी, शब्द उच्चारला की दुकानदार बरोबर तोच गठ्ठा ओढतो. रंगाच्या दुकानात मी "मोतिया दाखवा" म्हटलं, तर तिथल्या मुलाने पांढऱ्याच्या तीसेक छटा पंख्यासारख्या उघडून पुढे धरल्या. प्रत्येकीला वेगळं इंग्रजी नाव. पहाटेचं धुकं, हस्तिदंत, जुना कागद असल्या अर्थाची. तिसऱ्या पट्टीनंतर मला सगळ्याच सारख्या दिसायला लागल्या.

पट्टीवर विसंबायचं नाही हे मी बेडरूमच्या वेळीच शिकलेय. दोन बोटांएवढ्या तुकड्यावर जो फिकट जांभळा होता, तो चार भिंतींवर चढल्यावर वांग्याच्या भरतासारखा दिसायला लागला. भिंती एकमेकींवर रंग फेकतात आणि तो गडद होत जातो, हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. मशीनवर बनवलेला डबा परत घेत नाहीत, तेही तेव्हाच कळलं. उरलेला रंग अजून माळ्यावर आहे. म्हणून यंदा सगळ्यात छोटे डबे आणून हे चौकोन.

आता चौकोनांचं वेगळंच दुखणं. सकाळी एक, दुपारी दुसरे, ट्यूब लावली की तिसरेच. ट्यूबचा उजेड 6500 केल्विनचा, निळसर पांढरा. सोफ्याशेजारचा पिवळा दिवा 2700 चा. लोणी ट्यूबखाली दही होतं आणि दिव्याखाली तूप. इथपर्यंत मी समजू शकते. पण चारच्या सुमारास चारही चौकोन गुलाबीसर का होतात, ते काही कळेना. आज खिडकीत चहा घेऊन उभी राहिले तेव्हा उलगडा झाला. समोरची बिल्डिंग! गेल्या वर्षी त्यांनी ती विटकरी रंगवली. पश्चिमेचं ऊन कुठूनतरी त्यांच्या भिंतीवर पडतं आणि थेट आमच्या हॉलमध्ये येतं. म्हणजे माझ्या भिंतीचा रंग निम्मा त्यांच्या जनरल बॉडीत ठरलाय आणि मी इथे आठ दिवस डोकं फोडतेय.

नवऱ्याचं मत? "तुला आवडेल तो." हे वाक्य ऐकायला प्रेमळ वाटतं. खरं तर उद्या रंग बिघडला तर नाव कोणाचं घ्यायचं, त्याची ही आगाऊ तरतूद आहे. वर, "फक्त राखाडी नको, आणि पिवळट नको. आणि पिस्ता तर नकोच, पण ते आईला तू सांग."

मी सांगणार नाही.

मंगळवार

शेवटी लोण्यालाच टिक केली. फोनवर नंबर वाचून दाखवला तर काका जरा थांबले, मग म्हणाले, "जुन्या वहीत बघून सांगतो."

पाच मिनिटांनी फोन. "ताई, मागच्या वेळीही हाच दिलाय हॉलला."

मी म्हटलं, शक्यच नाही, आमची भिंत कशी मळकट पिवळी आहे. ते म्हणाले, "एखादी फ्रेम काढून बघा."

देवघराशेजारची सासऱ्यांची तसबीर सात वर्षांत कोणी हलवली नव्हती. आज उतरवली. मागे स्वच्छ, नितळ चौकोन, डिट्टो पहिल्या चौकोनासारखा. बाकी भिंतीला उदबत्तीचा धूर, फोडण्या आणि डोक्याचं तेल यांनी आपापला हात दिलेला.

तसबीर होती तशी लावून टाकली. सासूबाई आतून विचारत होत्या, काय गं, खिळा हलला का. "हो," म्हटलं, "जरा पुसत होते."

काकांना अजून कळवलेलं नाही.